उलट्या छत्रीची कोरी वही

मे महिना लागला की आमच्या जंगलाला एक वास येतो. मोहाचा नाही, मोह तोवर वेचून, वाळवून संपलेला असतो. हा तेंदूच्या पानांचा वास. फडावर, म्हणजे पानं विकत घेतात त्या मोकळ्या जागेवर, पुडक्यांच्या ओळी उन्हात वाळत पडलेल्या असतात, त्यांचा. तुरट, कडवट, बोटांना एकदा लागला की साबणानं न जाणारा. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून तो आत येतो आणि कोणीतरी म्हणतं, यंदा तेंदूपत्ता चांगला दिसून राह्यला. मी मात्र समोरच्या माणसाच्या शर्टाच्या खिशाकडे बघते. खिशात वही आहे का, एवढंच बघते. हंगामात असली तर ठीक. हंगामात वहीवाला माणूस मुन्शी असतो, पुडकी मोजून घेणारा. हंगाम संपल्यावर वहीवाला माणूस कोण असतो, हे ठरवायचा अधिकार आमच्या जिल्ह्यात त्या माणसाला नाही.

मी पत्रकं लिहिते. नव्वदीच्या शेवटाला नागभीडचं घर, घरचा धान आणि अर्धवट राहिलेलं बी.ए. सोडून मी जंगलमजुरांच्या संघटनेत आले, तेव्हापासून लिहिते. पत्रकाचा नियम साधा असतो: एक अन्याय, एक दोषी, एक मागणी. पानाच्या दरावर लिहिलं, बांबूवर लिहिलं, वनखात्याच्या दंडावर लिहिलं. या गोष्टीवर लिहायला बसले की दोषी एकात मावत नाही आणि मागणी काय करायची ते कळत नाही. म्हणून हे पत्रक नाही.

तर वह्या. दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी जंगलाच्या तुकड्यांचा लिलाव व्हायचा. ज्या ठेकेदाराला जो तुकडा मिळेल, तो आपल्या मुन्शी लोकांना हंगामाच्या सुरुवातीला खिशात मावेल अशी एक वही द्यायचा, वर एक जोडीची, पहिली भरली तर लागेल म्हणून. मुखपृष्ठावर त्याच्या विडीचं चित्र. चष्मा छाप, दुर्बीण छाप, शिट्टी छाप, खार छाप. मुन्शी लोक त्या वहीला नुसतं ‘पॉकेट’ म्हणायचे. पुढच्या वर्षी लिलावात तुकडा दुसऱ्याकडे गेला की चित्र बदललं. एका हंगामापुरती, एका तुकड्यापुरती, जितके मुन्शी तितक्याच. परत छापणं नाही. शहरात असल्या गोष्टीला किंमत लावून काचेत ठेवतात. आमच्याकडे ती पावसाळ्यात चुलीत जायची.

जात नव्हती फक्त नासीरभाईंकडे. नासीरभाई आलापल्लीचे टेलर. वनखात्याच्या लाकूड डेपोजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान, आणि कामात बरीचशी खाकी: गार्डांची, पोलिसांची. दुपारी पत्रा तापला की गिऱ्हाईक येत नसे. मग ते मशीनवरचं कापड बाजूला करून बिस्किटांचा जुना डबा काढत आणि वह्या फळीवर जोडीजोडीनं मांडत. खार छाप कोणत्या साली शेपूट वर करून आहे आणि कोणत्या साली खाली. दुर्बीण छापचे कोपरे एकाच वर्षी गोल कापलेले, बाकी सगळे टोकदार. एका शिट्टी छापला पिन आहे, दुसऱ्याला दोरा. कापडाचा पोत बघतात तसं ते कागद अंगठा आणि बोट यांच्यात धरून फिरवत. “ये देखो ताई,” म्हणत, “याच्यात अस्तर नाई. ठेकेदार घाट्यात होता त्या साली.”

मला तेव्हा हे हास्यास्पद वाटायचं. बाहेर बायका पानं तोडून तोडून बोटं काळी करून घेत होत्या, पुडकी खराब म्हणून फेकली जात होती, आणि हा माणूस खारीचं शेपूट बघत बसलाय. मी एकदा त्यांना माझ्याजवळची एक वही दिली. म्हाताऱ्या मुन्शीनं दिलेली, आकड्यांनी भरलेली, कुणाची किती पुडकी मारली ते दाखवणारी. नासीरभाईंनी ती चाळली आणि परत केली.

“खराब झाली ताई. लिव्हलेली वही म्हंजे घातलेला शर्ट.”

मी म्हटलं, कोरी वही म्हणजे तोंड न उघडणारा माणूस, आम्हाला असल्या लोकांचा काही उपयोग नाही.

“आमाले आहे,” ते म्हणाले. “तोंड उघडनारे दुकानात लय येतात.”

तिथेच मंगरू भेटला. भामरागडच्या पलीकडच्या एका माडिया आदिवासींच्या गावातला, दहावी झालेला म्हणून गावच्या फडाचा मुन्शी. बारीक अंगाचा, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. तोही या वह्या जमवायचा. ठेकेदार जी जोडीची वही द्यायचा, ती मंगरू कोरी ठेवायचा आणि धान्याच्या कणगीवर, उंदीर पोचणार नाही अशा जागी टांगून ठेवायचा. बहीण सोमी त्याला हसायची म्हणे. गावात कोणाला काही लिहून हवं असलं की सगळे त्याच्याकडे यायचे आणि त्याच्या घरात एवढ्या कोऱ्या वह्या असून तो शेजाऱ्याकडे कागद मागायला जायचा.

नासीरभाई आणि मंगरू समोरासमोर बसले की तास निघायचा. मंगरू वही कानाजवळ नेऊन पानं अंगठ्यानं सोडायचा, फर्रर्र आवाज ऐकायचा आणि सांगायचा की ही ओल लागलेली आहे, आवाज जाड आहे. नासीरभाई म्हणायचे, भाऊ, वही पाहून राह्यला का कोंबडा. दोघं हसायचे. अदलाबदलीत मात्र एकमेकांना इंचभर सोडायचे नाहीत. आपल्या एका चष्मा छापवरून मंगरूनं दोन हंगाम ताणून धरलं होतं. बदल्यात त्याला दुर्बीण छाप हवी होती, गोल कोपऱ्याची. नासीरभाई देत नव्हते. म्हणायचे, तिच्या तोलाची आण, मग पाहू.

आता या वयात, इतक्या मोर्चांनंतर, मला त्या दुपारींचं वेगळंच वाटतं. आमच्या जंगलातून सगळं बाहेर जातं. साग जातो, बांबू जातो, पान जातं, माणसं जातात. बाहेरून आत येतात ती आश्वासनं, आणि गाड्या. त्या सगळ्यात ही एवढीशी वही आत आली होती आणि दोन माणसांनी ठरवलं होतं की हिला परत जाऊ द्यायचं नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाही पत्रक दिलं असतं.

मग तो हंगाम आला, ज्याच्यामुळे हे सगळं लिहिते आहे. त्या वर्षी नदीपलीकडचा तुकडा एका नव्या ठेकेदाराला गेला. त्याची छत्री छाप. छापखान्यात ठसा उलटा बसला आणि पहिल्या गठ्ठ्यातल्या वह्यांवर छत्री उलटी छापली गेली, दांडा वर, पोट खाली. ठेकेदारानं बघितलं आणि अपशकुन म्हणून परत मागवून जाळायला लावल्या. मग सुलट्या छत्रीच्या वाटल्या. पण मंगरूच्या गावात परत मागवणारा माणूस पोचलाच नाही. मंगरूनं एका वहीवर हंगाम काढला आणि दुसरी टांगून ठेवली. पाऊस सुरू झाल्यावर त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर आलापल्लीला निरोप पाठवला: उलटी छत्री आपल्याजवळ आहे, दुर्बीण काढून ठेवा.

नासीरभाई त्या निरोपानं पागल झाले. मी दुकानात गेले की विषय तोच. दांडा कोणत्या बाजूला वळला असंल, रंग कोणता असंल. छत्री उलटी म्हंजे वाटीसारखी दिसत असंल का. त्यांची बायको पडद्यामागून म्हणाली, ईदचे कपडे शिवायचे राहिले आणि यांना पावसात छत्री पाहिजे, तीपण उलटी.

पाऊस लांबला. नदी फुगली, रस्ता बुडला, तिकडची गावं आठवडेच्या आठवडे तुटली. श्रावणात उघडीप मिळाली तसा मंगरू निघाला. पायी, मग नावेनं, मग पायी. वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या खिशात. रस्त्यावर पोलिसांची तपासणी चालू होती. त्याला थांबवला.

हे मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि रात्री नाही, भर दिवसा, भाजी निवडताना, सभेत दुसरा कोणी बोलत असताना, ते तुकडे माझ्यासमोर येऊन उभे राहतात. हंगाम संपून गेलाय, मग मुन्शीची वही कशाला? वही कोरी. कोरी वही घेऊन माणूस नदी ओलांडून कशाला येईल? आणि वर हे चित्र. उलटी छत्री म्हणजे काय? कोणाची खूण? मंगरूनं खरं ते सांगितलं. टेलरला दाखवायला चाललो. काय दाखवायला? छत्री. ते हसले. मग त्याला मारलं. मग परत विचारलं, आणि त्यानं परत तेच सांगितलं, कारण दुसरं काही नव्हतंच.

नासीरभाईंना हे कळलं ते वर्दीचं माप घेताना. एक हवालदार पँट सैल करायला आला होता. त्यानंच गंमत म्हणून सांगितलं की एक माडिया पकडलाय, टेलरचं नाव घेतो, छत्री दाखवायला चाललो म्हणतो. नासीरभाई गुडघ्यावर बसून पायाचं माप घेत होते. ते म्हणाले, “हां, मलेच दाखवायले येत होता.” असं म्हणून त्यांनी माप पूर्ण घेतलं, खडूनं खूण केली, हवालदाराला पाठवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि डबा घेऊन माझ्याकडे आले. मी तेव्हा संघटनेच्या खोलीवर मोर्चाच्या घोषणा लिहीत होते.

मी म्हटलं, निवेदन देऊ, वकील बघू, चंद्रपूरला फोन करू. ते म्हणाले, “तुमी करा ताई, जे करायचं ते. मी डबा दाखवून येतो.”

मी त्यांच्याबरोबर ठाण्यावर गेले. साहेबाच्या टेबलावर नासीरभाईंनी डबा उघडला आणि दुकानात मांडतात तशाच जोडीजोडीनं वह्या मांडल्या. ये खार, शेपूट वर. ये खार, शेपूट खाली. ये शिट्टी, इसमें दोरा है, इसमें पिन. क्रम कुठे चुकला नाही. आपलं ऐकणाऱ्याला हे वेड वाटतंय हे त्यांना दिसत होतं, आणि वेड वाटावं हेच त्यांना हवं होतं. साहेब आधी चिडले, मग बघायला लागले. एक सुलटी छत्रीही डब्यात होती. साहेबांनी मंगरूची वही मागवली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, “कागद याचा बरा आहे.” म्हणजे उलट्या छत्रीचा.

त्या वाक्यावर मंगरू सुटला. मी लिहिलेलं निवेदन कोणी वाचलंसुद्धा नाही. मला त्या दिवशी याचा राग आला होता. कायद्यानं नाही, हक्कानं नाही, तर एका अधिकाऱ्याला कागद आवडला म्हणून माणूस सुटतो, असला जिल्हा. तो राग अजून आहे.

मंगरू बाहेर आला तेव्हा त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि तो भिंतीला धरून चालत होता. नासीरभाईंनी त्याला धरलं. पोलिसांनी वही त्याला परत दिली होती. प्लास्टिक फाटलेलं, वहीचा खालचा भाग ओला होऊन फुगलेला.

“पाह्यली का छत्री?” मंगरूनं विचारलं.

नासीरभाई म्हणाले, पाह्यली, आता दे इकडे आणि दुर्बीण घे, डब्यातच आहे, घे आणि घरी जा. मंगरूनं मान हलवली. अशी ओली वही तो देणार नव्हता. “वाळवतो भाऊ. जात्याखाली दाबून ठेवतो. सीधी झाली की आनतो.” दुर्बीण छापला त्यानं हात लावला नाही. तिच्या तोलाची वस्तू हातात नसताना कशी घेणार. दोघांचा हा जुना कायदा होता आणि अंगावर वळ उठलेले असताना मंगरूनं तो पाळला. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, दोन दिवस नासीरभाईंच्या घरी ठेवलं आणि गाडीत बसवलं. वही त्याच्या खिशात.

गावी पोचला, त्यानंतर आतले लोक आले. आमच्याकडे ‘आतले’ म्हटलं की कळतं, जंगलातले बंदूकवाले. त्यांचा प्रश्न वेगळा नव्हता, फक्त दुसऱ्या बाजूनं होता. पोलिसांनी धरलेला माणूस आठवड्यात सुटून कसा येतो? त्याला काय लिहून द्यावं लागतं? वही बघितली. कोरी. मग पानं फाडली असतील. मंगरूनं परत खरं ते सांगितलं. टेलर. छत्री. कागद बरा आहे असं साहेब म्हणाले. मिटिंगला चल म्हणून त्याला घेऊन गेले. मारला, असं आजपर्यंत कोणी आम्हाला सांगितलेलं नाही. परत आला नाही.

बातमी आली तेव्हा नासीरभाई परत डबा काढून बसले. मी तिथे उभी होते. त्यांनी डबा कापडात बांधला, गाठ मारली, उठले, आणि दारात थांबले.

“पोलिसाचं ठाणं असते ताई,” ते म्हणाले. “यांचं ठाणं कुठी असते? डबा कुठी नेऊन उघडू?”

ते कितीतरी वेळ बांधलेला डबा काखेत धरून दारात उभे होते, आत येईनात, बाहेर जाईनात. मला दिसतात ते तसेच दिसतात. दुकानात गेल्यावर समोर बसलेले असले तरी.

आम्ही पत्रक काढलं. मसुदा मी लिहिला. त्यात लिहिलं होतं की हा माणूस विड्यांच्या ठेकेदारांच्या कोऱ्या वह्या जमवत होता, उलट्या छत्रीची एक वही मित्राला दाखवायला निघाला होता, आणि दोन्हीकडच्या बंदुकांना ही गोष्ट कळली नाही. बैठकीत त्यावर काट मारली. वहीचं काढा, लोक हसतील. छत्री काढा, मुद्दा हलका होतो. आणि ‘दोन्हीकडच्या’ काढा, कार्यकर्त्यांना आत फिरायचं असतं. मी भांडले. माझीच माणसं होती, घसा बसेपर्यंत भांडले आणि हरले. पत्रक निघालं ते एका ‘निष्पाप आदिवासी युवकाचं’ निघालं. तो युवक कोणीही असू शकत होता. कानाजवळ वही नेऊन आवाज ऐकणारा एकच होता, आणि तो त्या पत्रकात नव्हता. मारणाऱ्यांनी त्याची गोष्ट खोटी ठरवली. आम्ही ती क्षुल्लक ठरवली. यातलं कमी वाईट कोणतं, हे मला कोणीतरी सभेत विचारावं.

पुढचा मे आला. पानं आली, फड बसले, तुकडा तिसऱ्याच ठेकेदाराला गेला. मी दराची पत्रकं घेऊन आलापल्लीत होते. दुपारी नासीरभाईंच्या दुकानात एक मुलगी आली. बोटं पानाच्या चिकानं काळी, डोक्यावर टॉवेल. आश्रमशाळेत चार इयत्ता शिकलेली, थांबून थांबून मराठी बोलणारी. तिनं नाव सांगितलं, सोमी. मंगरूची बहीण. पदराच्या गाठीतून तिनं वही काढली आणि मशीनच्या फळीवर ठेवली.

वाळलेली होती. सपाट, कोपरे बसलेले, कुठे सुरकुती नाही. गावी पोचल्यावर जे थोडे दिवस मिळाले त्यात त्यानं ती जात्याखाली दाबली होती, उन्हाला दाखवली होती, परत दाबली होती. खालच्या कडेला पाण्याची एक फिकी रेघ राहिली होती. ज्यांनी त्याला नेलं त्यांनी वही बघून अंगणात टाकली होती. कोरीच तर होती.

“तुमच्यासाठी आनत होता,” सोमी म्हणाली.

नासीरभाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग डबा काढून दुर्बीण छाप तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उचलून बघितली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान उलटलं, सावकाश, मग उलट्या छत्रीचंही तसंच केलं. पोलिसांनी, आतल्यांनी, बहुतेक त्या सगळ्यांनी असंच केलं असणार. काहीच सापडलं नाही तेव्हा तिनं आम्हा दोघांकडे बघितलं. तिला खात्री करून घ्यायची होती की आम्हाला तरी यात काही दिसतं का.

मला राहवलं नाही. पत्रकातून तो पुसला गेला होता, सरकारी कागदावर तो बेपत्ता होता. निदान इथे तरी. मी पेन काढलं आणि म्हटलं, सोमी, पहिल्या पानावर त्याचं नाव लिहू. गाव लिहू. नासीरभाईंची काही हरकत नाही. नासीरभाईंनी मान हलवली, लिव्हा म्हणाले.

सोमीनं वहीवर हात ठेवला. पूर्ण पंजा, छत्री झाकून.

“नोको लिव्हू बाई,” ती म्हणाली. “त्यानं काईच लिव्हलं नोहोतं. आता तुमी लिव्हसान तं ते म्हनतीन, पाहा, लिव्हलेलं होतं.”

मी पेनाला टोपण लावलं.